आधी हात, मग घास

(दृश्य : ओट्यावर मळलेल्या पिठाचा गोळा. त्यात रुतलेली नऊ वर्षांच्या मुलीची बोटं.)

पीठ बोटांना चिकटतंय. ती दर मिनिटाला हात फडक्याला पुसते आणि पुन्हा गोळ्याकडे वळते. आई शेजारीच उभी आहे, पण "चाखून बघ" म्हणत नाही. हे दोन शब्द गिळायला आईला दोन वर्षं लागली.

या मुलीच्या खाण्यात मोजून सहा पदार्थ आहेत. पाव, दूध, उकडलेला बटाटा, एकाच प्रकारची बिस्किटं आणि असंच आणखी थोडंसं. सातवं काही ताटात आलं की तिला उमासे येतात. घसा खरोखर आवळतो. लोक म्हणतात, लाडावून ठेवलंय. एक दिवस उपाशी ठेवा, भूक लागली की खाईल मुकाट्याने.

नाही खात. भूक लागते, पण भीती भुकेला पुरून उरते. हे नखरे नाहीत.

(दृश्य : ताटली. एका कडेला बिस्किटं, दुसऱ्या कडेला द्राक्षं.)

या अवस्थेचं नाव अ‍ॅव्हॉयडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर, थोडक्यात आर्फिड. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या मानसिक विकारांच्या सूचीत हे नाव २०१३ साली आलं. त्याआधीची नोंद फक्त लहान मुलांपुरती होती, आता वयाची अट नाही. अ‍ॅनोरेक्सिया या खाण्याच्या दुसऱ्या विकारात वजन वाढण्याची धास्ती असते. इथे वजनाचा, दिसण्याचा विचारही नसतो. कुणाला पदार्थाचा वास किंवा पोत सोसत नाही. कुणाला भूकच फारशी जाणवत नाही. कुणाचा कधीतरी घास अडकलेला असतो, आणि तेव्हापासून प्रत्येक घासाची धडकी भरते.

आता ही ताटली नीट बघा. बिस्किट कालचं असो वा आजचं, सारखंच लागतं. द्राक्षाचं तसं नाही. एक गोड, दुसरं आंबट, तिसरं मऊ पडलेलं. आपल्याला ती गंमत वाटते. या मुलीला मात्र तोंडात काय येणार हे आधी कळायला हवं असतं, आणि फळ तसा शब्द देत नाही.

पौष्टिक खाण्याचे आपले सगळे सल्ले इथे उलटतात. एकदा आईने केकमध्ये गाजर अगदी बारीक वाटून मिसळलं, न सांगता. पहिल्याच घासाला मुलीने ओळखलं. त्या दिवसापासून केक बंद. सात पदार्थ होते, सहा उरले. मला विचाराल तर मुलाच्या भरवशाच्या पदार्थात चोरून काही घालणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आईने ती मायेपोटीच केली होती.

(दृश्य : वजनकाट्यावर पिठाची वाटी. मुलगी आकडा मोठ्याने वाचते.)

म्हणून आता सगळं उघड. ४५० ग्रॅम मैदा, त्यात ५० ग्रॅम गव्हाचं पीठ. मोजते तीच, मिसळते तीच. खायचं की नाही, तेही तिनेच ठरवायचं. छोट्या मुलांवरचा २००६ सालचा एक अभ्यास आहे : "सूप संपव" म्हणून मागे लागल्यावर मुलांनी सूप कमी घेतलं, मागे न लागता दिलं तेव्हा जास्त.

ओव्हनच्या काचेला ती नाक लावून बसते. पाव आत फुगतो, मग पावाच्या आतलं तापमान साधारण ६० अंशांपर्यंत गेलं की यीस्ट मरतं आणि फुगणं थांबतं. बाहेरचा थर त्याहून खूप तापतो, १४० अंशांच्या पुढे गेला की भराभर तपकिरी होतो. तपकिरी कड तिला पूर्वी जळकी वाटायची, ती काढून टाकायची. आता तो रंग कधी आणि कशाने येतो, हे तिने डोळ्यांनी पाहिलंय.

पाव भाजणं हा उपचार नव्हे. वजन घटत असेल, उंची वाढायची थांबली असेल, थकवा, चक्कर, घास अडकण्याची तक्रार असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. वजन ठीक दिसत असलं तरी शरीरात लोह किंवा जीवनसत्त्वं कमी असू शकतात. उपचारात मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघंही लागतात, आणि वेळ लागतो. तोवर ते सहा पदार्थ काढून घेऊ नका. आधी पोट भरू दे.

(दृश्य : पाव बाहेर येतो. वाफ.)

ती पाव मोडते. आतला मऊ भाग दाबून बघते, नाकाशी धरते. गव्हाचे बारीक ठिपके तिला दिसतात. थोडा वेळ ती तशीच थांबते. मग तुकडा आईच्या ताटलीत ठेवते.

"पुढच्या वेळी चाळीसच घालू," ती म्हणते.

आई वहीत लिहून घेते : ४०.