हिवाळ्यात शिडाच्या बोटीवर

[दृश्य : पहाट. केबिनच्या खिडकीवरून ओघळणारे थेंब.]

आत झोपलेल्या दोघांच्या श्वासातली वाफ रात्रभर थंड काचेवर जमत गेली, तिचंच हे पाणी. गादी उचलून पाहिली तर तीही खालून ओली. बोटीवर बारा महिने राहणाऱ्यांना हिवाळ्यात थंडीइतकाच या ओलीचा जाच होतो. म्हणून हीटर निवडताना ऊब किती मिळते, याच्या आधी एक गोष्ट बघायची : जळणातून निघणारं पाणी जातं कुठे?

एक लिटर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन निघतं. धुराडं असेल तर ती वाफ बाहेर पडते. स्वयंपाकाची शेगडी पेटवून केबिन तापवली तर सगळी आतच राहते. वर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा धोका. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागं करत नाही. शेगडीत जळणारा प्रोपेन वायू तर हवेपेक्षा दीडपट जड. गळला की बोटीच्या तळाशी जाऊन साचतो. धुराडं नसलेला हीटर कितीही स्वस्त मिळो, तो घेऊ नये.

[दृश्य : धक्क्याला बांधलेली बोट, विजेची केबल.]

धक्क्यावरची वीज मिळत असेल तर साधा इलेक्ट्रिक हीटर सगळ्यात सोपा. ना धूर, ना वाफ. पण नांगर टाकून राहिलात की संपलं. १५०० वॅटचा हीटर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२५ अँपिअर ओढतो. तासाभरात बॅटऱ्या मान टाकतात.

मग येतो गरम हवा फेकणारा डिझेल हीटर. ज्योत बंद कप्प्यात, धूर नळीने बाहेर, आणि पंखा तापलेली हवा केबिनभर नेतो. पेटताना तो भरपूर वीज घेतो, पुढे थोडक्यात भागवतो. इथे हमखास मोह होतो तो मोठा हीटर घेण्याचा. लहान केबिनमध्ये असा हीटर कायम मंद आचेवर चालतो, आत काजळी धरते आणि एक दिवस पेटायचंच नाकारतो.

[दृश्य : भिंतीला बसवलेली डिझेलची शेगडी, वर किटली.]

महिनोन् महिने नांगरावर राहणाऱ्याने मात्र ही शेगडी बघावी. थेंब थेंब डिझेल भांड्यात पडतं आणि जळतं. टाकी उंचावर असली तर वीज लागतच नाही. पंख्याची घरघर नाही, हे माझ्या लेखी फार मोठं सुख. तापायला वेळ घेते, हे खरं. बोट एका अंगावर कलली किंवा वाऱ्याचा झोत धुराड्यातून उलटा शिरला, तर धूर केबिनमध्ये.

लाकडाची शेगडी दिसायला देखणी. पण सरपण ठेवायचं कुठे? आणि ते दमट असलं तर ओल आपणच आत आणली.

काहीही बसवलं तरी छतावरचा एक झरोका उघडा हवा. केबिनमधली हवा घेऊन जळणाऱ्या शेगडीला तर तो लागतोच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाजवळ, आणि गादीखाली फळ्यांची जाळी, म्हणजे तिथेही हवा खेळती राहते.