मर्रादी : ऑक्टोबरचे रविवार

[ड्रोन : दरी, नदी, गावाची कौलं]

लामोने नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेलं हे मर्रादी. सरकारी नकाशात ते इटलीच्या तोस्काना प्रांतात येतं, फ्लोरेन्सपासून 60-65 किलोमीटरवर. नदी मात्र फ्लोरेन्सकडे पाठ करून वाहते. आपेनाइन डोंगराच्या पलीकडल्या अंगानं ती एड्रियाटिक समुद्राकडे जाते, आणि गावची बोलीही तिच्याच दिशेनं, डोंगरापलीकडच्या रोमान्या प्रदेशाकडे झुकलेली आहे.

उतारांवर दिसतंय ते जंगल वाटेल. नीट बघा. झाडांमध्ये सारखं अंतर आहे, खाली गवत कापलेलं आहे. ही बाग आहे. चेस्टनटची, म्हणजे काटेरी बोंडात येणाऱ्या, भाजून खायच्या तपकिरी फळाची.

[स्टेशन : गाडी येते, माणसं उतरतात]

ऑक्टोबरमध्ये दर रविवारी इथे चेस्टनटची जत्रा भरते. एरवी तीन हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या गावात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. काही रविवारी वाफेच्या इंजिनाची खास गाडी येते आणि लहान मुलांपेक्षा त्यांचे आजोबाच फलाटावर जास्त फोटो काढतात. हा फ्लोरेन्स–फाएन्झा लोहमार्ग. डोंगर पोखरून 1893 साली पूर्ण झाला. 1944 मध्ये माघार घेताना जर्मन फौजांनी तो उद्ध्वस्त केला. सबंध मार्ग पुन्हा जोडला जायला 1999 उजाडलं.

[बाजार : तव्यांची रांग, धूर]

गल्लोगल्ली भाजणं चाललेलं असतं. भोकांच्या तव्यांना लांब दांडे, बाजूला फिरते पिंप. प्रत्येक फळाला आधी सुरीनं चीर द्यावी लागते. नाहीतर आत कोंडलेली वाफ ते फोडते आणि तव्याजवळचा माणूस उडी मारतो. भाजून झालं की लगेच वाढत नाहीत. जाड कापडात गुंडाळून थोडा वेळ ठेवायचं, म्हणजे साल सुटते.

चव? आपल्याला जवळची सांगायची तर उकडलेल्या रताळ्याची, पण कोरडी आणि थोडी धुरकट.

पुढच्या मांडवात मर्रादीचा केक. उकडलेलं चेस्टनट चाळणीतून काढायचं, त्यात दूध, साखर, अंडी आणि आल्केर्मेस नावाची लालभडक मसालेदार दारू, अगदी थोडी. बाजूच्या ताटात कास्तान्याच्चो : चेस्टनटचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, बेदाणे, चिलगोजे, वर रोजमेरीची पानं. साखर अजिबात नाही. आमच्यातल्या एकाला ते आवडलं नाही, त्यानं तीनदा घेऊन खात्री केली.

जत्रेत चामड्याच्या पिशव्या, चीज, खेळणीही आहेत. ती कुठल्याही जत्रेत असतात. आपण वर बागेत जाऊ.

[चढण : पहाटेचा उजेड, दाताळं घेतलेला वृद्ध]

इथल्या जातीचं नाव मर्रोने. फळ मोठं, सालीवर उभ्या गडद रेघा. खरी खूण आतली : बियांवरचा तपकिरी पापुद्रा गरात शिरलेला नसतो, बोटानं ओढला की निघून येतो. साध्या चेस्टनटमध्ये तो घड्यांत अडकून बसतो आणि सोलणाऱ्याचा जीव काढतो.

बी पेरून मर्रोने मिळत नाही. रानटी रोप वाढवायचं आणि त्यावर मर्रोनेचं कलम बांधायचं. त्यातही मेख आहे. मर्रोनेच्या तुऱ्यांमध्ये कामाचे पराग जवळजवळ नसतात, त्यामुळे आसपास दुसरे चेस्टनट राखावे लागतात. आज ज्या झाडाखाली हे आजोबा उभे आहेत, त्याचं कलम त्यांनी बांधलेलं नाही. त्यांच्या आजोबांनीही नसेल. चेस्टनट शतकानुशतकं जगतो.

जगतो, पण कुणी राखलं तर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बागेतलं गवत, काटेरी झुडपं, नेचे कापून जमीन साफ करावी लागते, कारण हे फळ झाडावरून तोडत नाहीत. ते पडतं. पडलेलं दिसलं नाही तर उंदीर, रानडुकरं आणि अळ्या यांचं फावतं.

[क्लोजअप : बोंड, बूट, हातमोजे]

काटेरी बोंड बुटाच्या टाचेखाली दाबायचं, ते उकलतं. आत एक, दोन, फार तर तीन फळं. जाड हातमोजे घालूनही काटे लागतातच. सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत हेच वाकणं, उचलणं, पुन्हा चढणं. या चढावर यंत्राला जिथे जागा नाही, तिथे पाठीलाच काम.

[निवेदन नाही. आजींचे हात, टोपली भरेपर्यंत.]

वेचलेली फळं थंड पाण्याच्या टाक्यांत जातात. किडकी वर तरंगतात, ती काढून टाकायची. उरलेली आठवडाभर पाण्यात राहतात, पाणी बदलत राहायचं. त्या काळात हलकंसं आंबणं होतं आणि बुरशीला अटकाव बसतो. मग सावलीत जमिनीवर पसरायची आणि रोज हलवायची. एवढं केलं की ताजी फळं काही महिने टिकतात. ना औषध, ना शीतगृह.

1996 साली मुजेल्लोच्या, म्हणजे फ्लोरेन्सच्या उत्तरेकडच्या या डोंगराळ भागाच्या, मर्रोनेला युरोपीय भौगोलिक मानांकन मिळालं. मर्रादी त्यात येतं. मानांकनाचे नियम बागेत रासायनिक खतं आणि कीटकनाशकं चालवून घेत नाहीत. पिशवीवरचा तो छोटा शिक्का बाजारात किंमत ठरवतो. चित्रीकरणात मात्र तो काही नीट आला नाही.

[दगडी दुमजली खोली : बाहेरून, मग आत]

आता चेस्टनट वाळवायच्या या खोलीकडे या. चित्रपटाची निम्मी फीत आम्ही इथेच खर्च केली, आणि त्याचा पस्तावा नाही.

खाली शेकोटी, वर माळा. माळ्याला फळ्या नाहीत, लाकडी पट्ट्या आहेत, मध्ये फटी. चेस्टनट त्यांच्यावर जाड थरानं पसरतात. खाली चेस्टनटचीच लाकडं जळतात, जळतात म्हणण्यापेक्षा धुमसतात. ज्वाळा उठली तर गर करपतो, आग विझली तर बुरशी. म्हणून रात्रीही कुणीतरी उठून बघतं. मधे एकदा वरचा थर खाली, खालचा वर. असं 30 ते 40 दिवस.

मग वाळलेली फळं गोणीत भरून आपटायची, कुटायची, साली पाखडायच्या. साधारण 3 किलो ताज्या फळांचं 1 किलो सुकं. ते दगडी जात्यावर दळलं की किंचित गोड, धुराच्या वासाचं पीठ. गहू फारसा न पिकणाऱ्या या डोंगरात शेकडो वर्षं हिवाळा याच पिठावर निघाला. पोलेंता म्हणजे घट्ट शिजवलेलं पीठ, भाकरी, पेज, सगळं यातूनच. लोक चेस्टनटला पोळीभाकरीचं झाडच म्हणत.

[धुरातला चेहरा. निवेदन नाही.]

दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण शहरांकडे गेले, आणि गव्हाचं पांढरं पीठ खायला मिळू लागल्यावर हे गरिबाचं पीठ कुणालाच नकोसं झालं. त्याआधीच, 1938 साली, जेनोआजवळ झाडाच्या सालीवरचा करपा रोग दिसला, पुढे देशभर पसरला. त्यातून झाडं सावरत होती, तोच 2002 मध्ये वायव्य इटलीतल्या पिएमोंतेत चीनकडची एक चिमुकली गांधीलमाशी सापडली, जी कळ्यांत अंडी घालते आणि फांदीवर फळाऐवजी गाठी धरतात. 2005 पासून तिचा नैसर्गिक शत्रू, दुसरी एक परोपजीवी माशी, बागांमध्ये सोडण्यात आली. ती कामी आली. पण दरम्यान बाजारात परदेशी चेस्टनट घुसलं. मे 2023 मध्ये इथे दरडी कोसळल्या, त्याच सप्टेंबरमध्ये 4.9 तीव्रतेचा भूकंप झाला.

[पुन्हा बाजार : दुपार, गर्दी, पिशव्या]

एका हातात गरम पुडा, दुसऱ्यात पिशवी, अशी माणसं चौकात उभी आहेत. पुडा संपला की बरेच जण पिठाच्या टेबलाकडे वळतात. इथे एक माहिती, प्रवासाचा बेत करणाऱ्यांसाठी : जत्रेत मिळणारं पीठ साधारण मागच्या हंगामाचं असतं. यंदाची फळं अजून झाडाखाली, काही टाकीत, काही माळ्यावर आहेत. 30-40 दिवस धुमसल्याशिवाय ती जात्यापर्यंत पोहोचत नाहीत. नवं पीठ हवं असेल तर डिसेंबरमध्ये यावं लागेल. तेव्हा जत्रा नसते, वाफेचं इंजिन नसतं. नेहमीची लोकल मात्र फ्लोरेन्सहून येते, आणि या पिठाचा चाहता असाल तर तिच्यात जागा सहज मिळते.