पहिली जुनी गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्याकडे अधूनमधून कॉलेजातली मुलं येतात. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये एका जुन्या फियाटचा फोटो. बार्शीकडे कुणाच्या तरी वस्तीवर उभी आहे, चारही टायर बसलेत, बॉनेटवर कोंबड्या. विचारतात, "काका, ही घेऊ का?" मी उलट विचारतो, "कागद आहेत का?" तिथे मुलं गप्प होतात. आज मला या मुलांशीच बोलायचं आहे. ज्यांना जुनी गाडी हाताने उभी करायची आहे, आणि कुठून सुरुवात करायची हे ज्यांना कुणी सांगितलेलं नाही, त्यांच्याशी.

कागदांचं आधी सांगतो. आरसी बुकावर ज्याचं नाव आहे तोच माणूस गाडी विकतोय का, हे बघा. मूळ मालक वारले असतील तर गाडी आधी वारसाच्या नावावर झाली पाहिजे. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पत्र्यावर प्रत्यक्ष वाचा. धूळ पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा आणि ठसा घ्या. आरसीवरच्या नंबरात आणि त्या ठशात एका आकड्याचा जरी फरक असला, तरी ती गाडी सोडून द्या, मग ती कितीही देखणी असो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. आणि गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर जुलै २०२१ पासून केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी ठेवली आहे, तिच्या नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत, आणि ती रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. रोज चालवायची हौस असेल तर या नोंदणीच्या वाटेला जाऊ नका.

आता गाडी कोणती? माझं मत पक्कं आहे. पहिली गाडी फियाट घ्या, म्हणजे नंतरची प्रीमियर पद्मिनी. ज्या कंपनीने ती बनवली ती प्रीमियर ऑटोमोबाइल्स शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढली, आणि वालचंद शेठ जन्माने आपल्या सोलापूरचे, १८८२ सालचे. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला होता, पण नातं आपल्या गावाशी आहे. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही. तरी फियाट घ्या म्हणतो ते अभिमानापोटी नव्हे. १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्बोरेटर, स्टेअरिंगखाली गिअरचा दांडा. बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांमुळे तिचे पार्ट वर्षानुवर्षं मिळत राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा पार्ट शोधायचे तर आत्ताच शोधा.

गाडी बघायला जाताना दोन वस्तू खिशात ठेवा, एक स्क्रू ड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडी हीच तिची चेसिस. म्हणून फियाटमध्ये पत्रा सडला म्हणजे नुसता देखावा बिघडला असं नसतं, गाडीचा कणाच गेलेला असतो. पायाखालचं मॅटिंग उचला. दाराखालची पट्टी, स्टेपनीची जागा आणि मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जिथे बॉडीला अडकवलेले असतात तो पत्रा, इथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे असं समजा. आपल्या सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे इथल्या गाडीचा पत्रा मुंबई-कोकणातल्या गाडीपेक्षा बरा राहतो. स्वस्त मिळते म्हणून समुद्राकाठची गाडी आणू नका. मात्र आपल्या उन्हात रबर टिकत नाही. काचेचं रबर तडकतं, पावसाळ्यात पाणी आत झिरपतं आणि मॅटिंगखाली गुपचूप गंज धरतो.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो. पहिली गाडी आणली तेव्हा मी विशीत होतो. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवसांत मी ती अख्खी खोलली. दारं, सीट, डॅशबोर्ड, इंजिन, वायरिंग, सगळं. नटबोल्ट एका पत्र्याच्या डब्यात टाकले. वायरी नाव न लिहिता तोडल्या. सुट्टी संपली आणि गाडी दोन वर्षं तशीच पडून राहिली. घरातले दिसेल त्याला म्हणायचे, भंगारात दे. मला त्या सांगाड्याकडे बघवत नसे. मग माझ्या एका मित्राने अशोक चौकाकडचे एक म्हातारे मिस्त्री आणले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाचांनी तो डबा जमिनीवर ओतला, मांडी घातली आणि संध्याकाळपर्यंत एकेक बोल्ट हातात फिरवून ढीग लावले. हा हेडचा, हा बिजागरीचा, हा डायनामोचा. मला म्हणाले, "बाळा, एक काम उघड, ते बंद कर, मग दुसऱ्याला हात लाव."

तेव्हापासून मी तसंच करतो. खोलायच्या आधी फोटो. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या बरणीत. आमच्या घरी शेंगाचटणीच्या रिकाम्या बरण्यांना तोटा नव्हता, त्यांवर कागद चिकटवून नावं लिहायचो. वायर तोडण्याआधी दोन्ही टोकांना एकच नंबर. आणि एक वही. त्या वहीत रोज काय उघडलं, काय बदललं आणि काय समजलं नाही ते लिहायचं. समजलं नाही ते जरूर लिहा, कारण मिस्त्रींकडे गेल्यावर नेमकं तेच आठवत नाही.

सुरुवात इंजिनाने करावीशी वाटते, कारण आवाज ऐकायची घाई असते. चाचा म्हणायचे, "पळायचं नंतर बघू, आधी थांबती का बघ." जुन्या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ब्रेक ऑइलची लाइन एकच. कुठल्याही एका चाकाचा ब्रेकचा सिलिंडर गळला की पेडल थेट तळाला जातं आणि चारही ब्रेक जातात. म्हणून पेडलचा मास्टर सिलिंडर, चाकांचे चारही व्हील सिलिंडर, रबरी पाइप आणि सगळी वायसरं, म्हणजे वॉशर, नवी घाला. एक काळजी घ्या. ब्रेकचे रबरी भाग कधीही पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊ नका. रबर फुगतं आणि ब्रेक चिकटतात. ते ब्रेक ऑइलनेच धुवायचे. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, भक्कम स्टँड लावा, चाकांना ठोकळे लावा. या एका बाबतीत कितीही घाई असली तरी मी कुणाचं ऐकत नाही.

इंजिन जाम असेल तर हँडल मारून जोर करू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडा आणि चार दिवस विसरून जा. मग गाडी टॉप गिअरला टाकून हळूच पुढे-मागे ढकला. फिरलं तर बरंच काम वाचलं. नाही फिरलं तर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवायचं आणि खालचा सिलिंडरांचा ब्लॉक लेथवाल्याकडे न्यायचा. सिलिंडरचा मूळ बोअर, म्हणजे आतला व्यास, ६८ मिलिमीटर. तो मोजल्याशिवाय पिस्टन विकत घेऊ नका. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. डेल्कोची, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, टोपी काढायच्या आधी कुठली वायर कुठे जाते ते वहीत उतरवून घ्या. हात पुसायला गावातल्या यंत्रमागांचं सुती वेस्ट आहेच, या बाबतीत सोलापूरचा मेकॅनिक नशीबवान.

हल्ली एक नवीन गोष्ट आली आहे आणि ती आपल्या जिल्ह्याशी थेट जोडलेली आहे. आपल्या उसापासून निघणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के असतं. शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, ते चांगलंच आहे. पण ही गाडी बनली तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. जुनी रबरी पाइप आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा आतला पडदा त्याने नरम होऊन गळू लागतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आग. इथेनॉलला चालणारी पाइप मागून घ्या आणि पडदा बदला. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल टाकीत तसंच पडू देऊ नका. टाकीला भोक असेल तर ती रिकामी दिसली तरी कुणाला वेल्डिंग करू देऊ नका, आतल्या वाफेचा स्फोट होतो.

रंग सगळ्यात शेवटी. मुलांना तो सगळ्यात आधी हवा असतो. चाचांनी मला रंगाला हात लावू दिला नाही तो तब्बल सव्वा वर्ष.

माझी गाडी पहिल्यांदा बाहेर निघाली ती एका रविवारी पहाटे, रस्ते मोकळे असताना. अंगावर नुसता प्रायमर, मागची सीट नाही. शेजारी चाचा, मांडीवर वही. सिद्धेश्वर तलावापर्यंत गेलो. पार्क चौकाच्या अलीकडे ते म्हणाले, "दाब." मी ब्रेक दाबला. गाडी उजवीकडे ओढली गेली, पण थांबली. चाचांनी वही उघडली आणि लिहिलं, 'पुढचा डावा ब्रेक बघणे.' मग म्हणाले, "चल, घरी घे."

नमस्कार.