डिशवॉशर लावला की लाईट का जाते?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा लागला की कोल्हापुरात आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. जुना डिशवॉशर लावला, थोडा वेळ चांगला चालला आणि खटकन सगळ्या घराची लाईट गेली. बोर्डावरचा ईएलसीबी पडलेला. वर केला की लाईट येते, डिशवॉशर लावला की परत जाते. दोन-तीनदा असं झालं की घरातलंच कुणीतरी म्हणतं, “ईएलसीबीच बाद झालाय, काढून टाका आणि डायरेक्ट करा.” माझं आजचं सगळं बोलणं या एका वाक्याच्या विरोधात आहे. कृपा करून डायरेक्ट करू नका.

ईएलसीबी, म्हणजे आता दुकानात आरसीसीबी म्हणून मिळतो तो, काय करतो ते आधी बघू. फेजमधून जेवढा करंट घरात गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, यावर त्याची नजर असते. कमी आला म्हणजे मधे कुठंतरी गळाला. एकतर मशीनच्या पत्र्यातून अर्थिंगला, नाहीतर एखाद्या माणसाच्या अंगातून जमिनीत. घरगुती ईएलसीबी 30 मिलिअँपिअरचा असतो आणि प्रत्यक्षात 15 ते 30 च्या दरम्यान कुठंतरी पडतो. एमसीबी, म्हणजे जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की पडणारा बोर्डावरचा दुसरा स्विच, त्याचं काम वेगळं. डिशवॉशरचा दोन हजार वॅटचा हीटर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, त्याच्यासाठी 16 अँपिअरचा एमसीबी असतो. मिलिअँपिअरची गळती त्याच्या खिजगणतीतही नसते. पण माणसाचा जीव जायला अँपिअर लागत नाहीत, मिलिअँपिअर पुरतात. स्वयंपाकघरात हात ओले, पाय अनवाणी, शेजारी स्टीलचं सिंक. अशा ठिकाणी तो काढून टाकायचा विचारसुद्धा नको.

मग लाईट गेली की काय करायचं? बोर्डापाशी जाऊन काय पडलंय ते बघा. एमसीबी पडला असेल तर लोड जास्त झालाय किंवा शॉर्ट आहे. ईएलसीबी पडला असेल तर गळती आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि फोनवर “लाईट गेली” एवढंच सांगितलं तर मिस्त्रीला काहीच कळत नाही. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, मशीन नेमकं काय करत असताना ईएलसीबी पडला. डिशवॉशर ठरलेल्या क्रमानं चालतो. आधी व्हॉल्व्ह उघडून पाणी घेतो, मग पंप फवारा मारतो, मग हीटर पाणी तापवतो, शेवटी ड्रेन पंप घाण पाणी बाहेर टाकतो. पाणी भरतानाच पडला तर व्हॉल्व्ह किंवा कुठंतरी गळणारा पाइप बघायचा. फवारा सुरू होताच पडला तर मोठा पंप. पाणी सोडताना पडला तर ड्रेन पंप. आणि थोडा वेळ निवांत चालून, पाणी तापायला लागल्यावर पडला, तर हीटरवर संशय घ्यायचा. थंड पाण्याचा नुसता खंगाळायचा प्रोग्रॅम लावून बघा. तो बिनतक्रार पुरा झाला आणि गरम पाण्याच्या प्रोग्रॅमला लाईट गेली, तर संशय बराच पक्का होतो.

जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा हीटरच निघतो. त्याच्या आत नायक्रोमची तार असते, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते आणि बाहेरून स्टीलची नळी. गीझरच्या कॉइलची रचनाही हीच. ही पूड कोरडी आहे तोवर उत्तम, पण ती हवेतला ओलावा ओढून घेते. नळीच्या दोन्ही टोकांची सीलं वयानं तडकली की दमट हवा आत शिरायला लागते. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घामेजतात, आणि त्यात मशीन महिना-दोन महिने बंद पडून असेल तर मग काय विचारता. बोअरच्या जड पाण्यानं हीटरवर चुन्याचा थर बसतो, नळी जास्त तापते आणि तिला बारीक चीर जाते, तेव्हा तर पाणी थेट आत पोचतं.

इथं साध्या मल्टिमीटरवर विसंबू नका. तो दोन-चार व्होल्टवर मोजतो आणि बिघडलेला हीटरही कधी कधी त्याला चांगला वाटतो. यासाठी मेगर लागतो, म्हणजे जास्त व्होल्ट देऊन गळती तपासायचं मीटर, 500 व्होल्टचा. प्लग काढायचा, हीटरच्या दोन्ही वायरी सोडवायच्या, म्हणजे मशीनच्या इलेक्ट्रॉनिक कार्डाला धक्का लागत नाही, आणि मग हीटरचं टोक आणि त्याची धातूची नळी यांच्यामध्ये मोजायचं. धडधाकट हीटर कित्येक मेगओहम दाखवतो. एक मेगओहमच्या खाली आला की तो हीटर माझ्या मनातून उतरतो. ईएलसीबी पडण्याइतकी गळती म्हणजे तर साडेसात ते पंधरा हजार ओहमच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण इथं भलेभले चकतात. मंगळवार पेठेतल्या एका आजींनी मला बोलावलं होतं. “ताई, डिशवॉशर बंद हाय, तरी गीझर लावला की लाईट जातीया. गीझर बदलू व्हय?” गीझर तपासला, तर तो ठणठणीत. मी डिशवॉशरचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवला आणि गीझर लावायला सांगितला. लाईट गेली नाही. झालं होतं असं की, आपल्या बोर्डावरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. हीटरची न्यूट्रलकडची बाजू नळीला टेकली असेल, तर बंद मशीनमधूनही न्यूट्रल आणि अर्थिंग जोडले जातात. गीझरसारखा मोठा लोड सुरू झाला की न्यूट्रलवर थोडा दाब, म्हणजे व्होल्टेज, येतो, परतीचा काही करंट अर्थिंगकडं वळतो आणि ईएलसीबी पडतो. म्हणून शोधाशोध करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. एकेका मशीनचा प्लगच बाहेर काढायचा.

हीटर चांगला निघाला, तर माझी नजर दाराच्या बिजागरीकडं जाते. कंट्रोल दारात असलेल्या मशीनमध्ये वायरींचा जुडगा दार उघडताना-मिटताना तिथं वाकतो. वर्षानुवर्षं रोज वाकून प्लास्टिक पांढरं पडतं, तडकतं, आणि आतलं तांबं पत्र्याला शिवतं. दार उघडताना किंवा लावताना लाईट जाते, ही त्याची खूण. मग खालचा ट्रे. तांबड्या रश्श्याचा कट, मटणाची चरबी फिल्टरमध्ये साचली की पाणी तुंबतं, फेस होतो आणि दाराच्या रबरातून झिरपत खाली उतरतं. त्या पाण्यात डिटर्जंट असतो, कधी पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरच्या टाकीतलं मीठही, म्हणजे त्यातून करंट छान वाहतो. अशा पंपाचं कनेक्शन उपसून बघितलं तर पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. ती घासून काढून उपयोग नाही, आधी गळती बंद व्हायला पाहिजे. जुन्या पेठांतल्या घरांत उंदरांचं वेगळंच. मशीनखालची ऊब त्यांना आवडते आणि वायरीही.

पुराच्या पाण्यात उभं राहिलेलं मशीन असेल तर माझं मत कडक आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात घरांत शिरलं. चिखल मोटारीच्या वाइंडिंगमध्ये, कार्डावर, सगळीकडं जातो. वरून पुसून, उन्हात ठेवून मशीन चालू होतं खरं, पण आतला गाळ ओलावा धरून बसतो. अशा मशीनवर खर्च करू नका. नुसता हीटर किंवा ड्रेन पंप गेला असेल, तर मात्र जरूर दुरुस्त करा. चांगल्या स्टीलची टाकी असलेलं जुनं मशीन त्यानंतर कितीतरी चालतं.

कधी मशीनमध्ये काहीच सापडत नाही. तेव्हा दोन गोष्टी बघायच्या. इन्व्हर्टर बसवताना कुणी दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र बांधलेत का? तसं असेल तर ईएलसीबीचा हिशेब कायमच चुकणार. दुसरं, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर या सगळ्यांची मिळून थोडी थोडी गळती आधीच होत असते, आणि डिशवॉशर त्यात शेवटची भर घालतो. अशा वेळी स्वयंपाकघराला स्वतंत्र ईएलसीबी द्यावा.

आणि अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेली मी पाहिलीय. तसं केलं की गळणारा करंट पत्र्यावर थांबून राहतो, हात लावणाऱ्याची वाट बघत. डिशवॉशरला 16 अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट आणि खरंखुरं अर्थिंग पाहिजेच. एक्स्टेन्शन बोर्ड नको.

दुरुस्ती झाली की मिस्त्रीला लगेच सोडू नका. मेगरवरचा आकडा दाखवायला सांगा, प्लगच्या अर्थ पिनपासून मशीनच्या पत्र्यापर्यंत वायर सलग आहे का ते मोजून घ्या, आणि गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावून पाणी तापेपर्यंत त्याला चहा द्या. तो जायच्या आधी ईएलसीबीवरचं टेस्टचं बटण दाबा. पुढंही महिन्यातून एकदा दाबत जा. दाबल्यावर लाईट गेली पाहिजे. गेली नाही, तर डिशवॉशरचं नंतर बघू, त्याच दिवशी तो ईएलसीबी बदलून घ्या.

नमस्कार.