ही मोकळी जागा कोणाची?

(नाशिकमध्ये मुद्रण आणि संगणक व्यवसायातल्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘वेब पानावरील मजकूर व चित्रांची मांडणी : दोष आणि दुरुस्ती’. मला पन्नास मिनिटं दिली आहेत आणि मी सात दोष निवडून आणलेत. एका दोषाला सात मिनिटं, एक मिनिट आभाराला. हा हिशेब घरी बसून केला होता. इथे येऊन बघतो तर पहिल्या दोन रांगांत जुने छापखानेवाले बसलेत. तेव्हा हिशेब गेला.

आधी माझ्या परिचयातली एक दुरुस्ती. संयोजक म्हणाले, वक्त्यांचे वडील प्रेसमध्ये होते. लगेच मागच्या दोघा-तिघांनी आदरानं माना डोलावल्या. नाशिकमध्ये ‘प्रेसमध्ये आहे’ याचा अर्थ एकच, नाशिकरोड. १९२५ पासून तिथे स्टॅम्प आणि तिकिटं छापतात, १९२८ पासून नोटा. प्रेसमधला मुलगा म्हटलं की स्थळं चालून यायची. आमची प्रेस रविवार कारंजाजवळच्या बोळात. एक ट्रेडल छपाईयंत्र, अक्षरं ठेवायच्या चार केसेस आणि एक सदैव गळणारं छप्पर. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दहाव्याची कार्डं. नाशिकरोडची प्रेस नोटा छापायची, आमची उधारीवर छापायची. (हशा)

वडील स्वतः जुळारी. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवताना त्यांचं लक्ष अक्षरांकडे कमी असायचं, हात आपोआप जायचा. लक्ष असायचं ते कोऱ्या तुकड्यांकडे. इथल्या तरुण मंडळींसाठी सांगतो : शब्दाशब्दात जी मोकळी जागा दिसते ना, तिथे शिशाचा एक बुटका तुकडा बसवलेला असायचा. अक्षरांपेक्षा उंचीला कमी, म्हणून शाई लागायची नाही. ओळी विरळ करायच्या तर मधे शिशाच्या पट्ट्या, ज्यांना आपण ‘लेड’ म्हणायचो. म्हणजे पानावर जिथे काहीच नाही, तिथेही काहीतरी होतं. त्याला वजन होतं. मी सहावी-सातवीत असताना एकदा ओळीतला असा एक तुकडा काढून खेळायला घेतला. वडिलांनी फर्मा, म्हणजे जुळवलेल्या ओळींची चौकट, उचलला आणि लग्नपत्रिकेतला नवरदेव त्याच्या आईवडिलांसकट खळ्ळकन जमिनीवर. ओळ घट्ट नसेल तर खिळे सांडतात. त्या संध्याकाळी मी कंदील घेऊन फरशीवर ‘चि. सौ. कां.’ शोधत होतो.

आज मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. स्क्रीनवरच्या मोकळ्या जागेला वजन उरलं नाही, त्यामुळे ती कोणाची आहे हे आपण विचारत नाही. पान बिघडलं की आपण ढकलाढकली करतो. थोडं खाली, थोडं डावीकडे. माझा हट्ट असा की आधी विचारा, ही मोकळी जागा कोणाची? चित्राची, परिच्छेदाची, पेटीची (म्हणजे मजकूर-चित्रांभोवतीच्या न दिसणाऱ्या चौकटीची) की ब्राउझरची? कारण ब्राउझरही स्वतःच्या पदरची जागा टाकतो. सीएसएस, म्हणजे पानावर काय कसं दिसावं हे ब्राउझरला सांगायची भाषा; तिचं एक अक्षर तुम्ही लिहिलं नाही तरी पानाच्या चारी बाजूंना साधारण आठ पिक्सेल आणि प्रत्येक परिच्छेदाच्या वर-खाली एका ओळीच्या आसपास जागा येते. ती तुम्ही दिली नाही, पण ती कोणाची तरी आहे.

थोडं विषयांतर करतो. चित्र आणि मजकुराचं भांडण खिळ्यांबरोबर आलं. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. दगडावर लिहिणारा हातच चित्र काढणार, त्याला कुठे काय बसवायचं हा प्रश्नच नाही. पुढे अक्षर झालं खिळा, चित्र झालं लाकडावर ठोकलेला ब्लॉक, आणि दोघांना शेजारी बसवताना ब्लॉकखाली कागदाचे कपटे घालायची वेळ आली. वेबचंही तेच. १९९३ च्या फेब्रुवारीत मोझॅक ब्राउझरवाल्या मार्क अँड्रीसननं मजकुरात चित्र घालायचा टॅग, म्हणजे ब्राउझरला द्यायची खूण, सुचवला. चित्र ओळीत आलं खरं, पण ते एका मोठ्या अक्षरासारखं ओळीत उभं राहायचं. मजकूर बगलेनं कसा वाहवायचा याची नीट सोय १९९६ च्या डिसेंबरात सीएसएसची पहिली आवृत्ती पक्की झाली तेव्हा मिळाली. फ्लोट आणि क्लिअर. दोघं जोडीनं आले. आपण त्यातल्या एकालाच घरात घेतलं.

फ्लोट म्हणजे तरंगणं. पण तरंगणारं चित्र डोळ्यांपुढे आणलंत की फसाल. नाशिककरांना यापेक्षा चांगला दाखला घरचा आहे, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुतीचा उंच पुतळा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं शहर एकच विचारतं, ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?’ गुडघ्याला, कमरेला, छातीला. चित्राला फ्लोट दिलं की ते त्या मारुतीसारखं एका काठाला उभं राहतं आणि मजकूर पाण्यासारखा त्याच्या बगलेनं वाहतो. मारुती पाण्याला अडवत नाही. आणि मुख्य म्हणजे मारुतीची उंची संपण्याआधी एक पाणी आटलं, तर मागून दुसरं येऊन त्याच्या शेजारी उभं राहतं. हे मला एका पतसंस्थेनं शिकवलं.

नाव सांगणार नाही, तालुकाही नाही. तुम्ही ओळखाल, आणि माझी ठेव तिथे आहे. (हशा) दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांचा वार्षिक अहवाल मी वेबवर चढवून दिला. पहिला विभाग ‘अध्यक्षांचे मनोगत’, डावीकडे अध्यक्षांचा फोटो, उजवीकडे मजकूर. फोटो त्यांनी स्वतः निवडलेला, सत्काराचा, गळ्यात झेंडूचा भरगच्च हार. त्याखाली दुसरा विभाग, वर्षभरात दिवंगत झालेल्या सभासदांसाठी. मथळा, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. तुम्ही हसायला लागलात म्हणजे तुम्हाला पुढचं कळलं. तरी सांगतो, कारण दोष त्यात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन. अध्यक्षांचा आवाज एरवी माइकशिवाय सभागृहभर पोचतो. त्या दिवशी अगदी मऊ. म्हणाले, “अहो, मी अजून आहे.”

मला काही कळेना. मी लॅपटॉपवर पान उघडलं तर सगळं जागच्या जागी. मग मी ते वाक्य बोललो जे आपल्या धंद्यातला प्रत्येक जण बोलतो, “साहेब, माझ्याकडे बरोबर दिसतंय.” ते म्हणाले, “तुमच्याकडे मी जिवंत असेन. सटाण्याहून मेहुणे निघालेत.”

स्कूटर काढली आणि गेलो. भाच्यानं ऑफिसच्या भिंतीवर नवाकोरा मोठा टीव्ही लावला होता आणि कौतुकानं अहवाल त्याच्यावर उघडला होता. डावीकडे हार घातलेले अध्यक्ष. बरोबर त्यांच्या खांद्याला लागून ठळक अक्षरात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली नावं सुरू.

आता कारण बघा. माझ्या लॅपटॉपवर मनोगताच्या बावीस ओळी होत होत्या. फोटोची उंची पंधरा ओळींची. म्हणजे मजकूर फोटोच्या खाली उतरून मग संपत होता आणि श्रद्धांजली आपोआप खाली जात होती. टीव्ही रुंद, त्यावर तेच मनोगत नऊ ओळींत संपलं. फोटोच्या शेजारी सहा ओळींची जागा रिकामी राहिली, तिथे पुढचा मथळा चढून बसला. पहिल्या विभागाची पेटी फोटोची उंची मोजतच नाही. फ्लोट दिलेलं चित्र पेटीच्या हिशेबात धरलं जात नाही, हा त्याचा स्वभाव आहे. ती सहा ओळींची जागा कोणाची? फोटोची. पण मी ती कोणाच्याच नावावर लावली नव्हती.

आणि आता माझी खरी चूक. अध्यक्ष मागे उभे, मेहुणे रस्त्यात. मी घाईघाईत मनोगताखाली आठ वेळा रिकामी ओळ टाकली. टीव्हीवर श्रद्धांजली खाली गेली. चहा घेऊन निघालो. संध्याकाळी पुन्हा फोन. त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. तिथे मजकूर आधीच लांब, त्याखाली माझ्या आठ रिकाम्या ओळी, म्हणजे अर्धा स्क्रीन पांढराफटक. म्हणाले, “श्रद्धांजलीच्या आधी ही दोन मिनिटं शांतता कशाला ठेवलीय?” (मोठा हशा)

आठ रिकाम्या ओळी म्हणजे बेवारस जागा. पान बदललं की ती बदलत नाही. योग्य इलाज एका ओळीचा होता. श्रद्धांजलीच्या विभागाला ‘क्लिअर : बोथ’. म्हणजे वरचा मारुती पायापर्यंत संपल्याशिवाय तू सुरू होऊ नकोस. आज तुम्ही करणार असाल तर पहिल्या विभागालाच ‘डिस्प्ले : फ्लो-रूट’ द्या, पेटी मग चित्राची उंचीही हिशेबात धरते.

चिठ्ठी आली. एमएच-१५ ची कोणाची तरी पांढरी गाडी दारात आडवी लागलीय, कृपया काढावी. … खाली आणखी लिहिलंय, ‘वक्त्यांसाठी : दहा मिनिटे’. एकाच कागदात दोघांनाही हलवलं, याला म्हणतात मांडणी.

म्हणजे सातपैकी एक दोष झाला. उरलेले धावतच घेतो.

चित्राखाली चार-पाच पिक्सेलची फट दिसते आणि मार्जिन, म्हणजे चौकटीबाहेरची जागा, शून्य केलं तरी जात नाही. ही फट उकाराची आहे. रोमन अक्षरं जमिनीवर उभी राहतात, आपली अक्षरं शिरोरेषेच्या दोरीवर कपड्यांसारखी टांगलेली असतात, पण ब्राउझर दोघांनाही तळरेषेनंच मोजतो. चित्र त्या तळरेषेवर उभं असतं आणि तिच्याखाली शेपटीवाल्या अक्षरांसाठी, आपल्या उकार-ऋकारांसाठी, जागा राखलेली असते. शेजारी एकही अक्षर नसलं तरी. चित्राला ‘डिस्प्ले : ब्लॉक’ द्या, फट गेली.

वाचता वाचता मजकूर एकदम खाली उडी मारतो. कारण चित्र उशिरा आलं आणि त्यानं जागा मागितली. सीबीएसवर, म्हणजे आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावर, एसटी लागली की आपण काय करतो? खिडकीतून रुमाल टाकतो. चित्राच्या टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहिणं हा तो रुमाल आहे. माणूस मागून येतो, जागा आधी धरलेली असते. आताचे ब्राउझर त्या दोन आकड्यांवरून प्रमाण काढून ठेवतात. मात्र सीएसएसमध्ये ‘मॅक्स-विड्थ : १०० टक्के’ लिहिलंत तर बरोबर ‘हाइट : ऑटो’ लिहाच. नाहीतर ८०० बाय ६०० चा फोटो मोबाइलवर रुंदीला ३६० होतो, उंचीला ६०० च राहतो, आणि अध्यक्ष उंटासारखे दिसतात.

मराठी मथळ्याची मात्रा कापली जाते. इंग्रजीसाठी बेतलेल्या साच्यात ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या एक किंवा सव्वा पट असते आणि पेटीला ‘ओव्हरफ्लो : हिडन’, म्हणजे बाहेर येईल ते कापा. ‘वार्षिक अहवाल’ चा रफार वरून उडाला की ‘वाषिक’ उरतं. मी मजकुराला १.७ पट आणि मथळ्याला १.४ पटीच्या खाली जात नाही. वडील असते तर म्हणाले असते, लेड घाल. अक्षरांमध्ये अंतर वाढवायचं इंग्रजी मथळ्यांचं खूळ मराठीला लावू नका, शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द वाळत घातलेल्या पापडांसारखा दिसतो. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा, काही फाँटमध्ये ल आणि श त्यामुळे आपल्या वळणाचे येतात. दोन्ही कडा सरळ करायचा सोस मोबाइलवर सोडा. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ सारखा एक शब्द ओळीत बसला नाही की वरच्या ओळीत बैलगाडी जाईल एवढी भगदाडं पडतात.

रुंदीचं गणित. पेटी ३०० पिक्सेल दिली, आत दोन्ही बाजूंना २० चं पॅडिंग, म्हणजे चौकटीच्या आतली मोकळी जागा, एक-एक पिक्सेलची रेघ. पेटी झाली ३४२, आणि शेजारचा रकाना खाली पडला. ‘बॉक्स-सायझिंग : बॉर्डर-बॉक्स’ लिहिलं की ३०० म्हणजे ३०० च. बाकीची जागा आतून कापली जाते. हे पानाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना लावून टाका.

फ्लेक्समध्ये, म्हणजे रकाने शेजारी-शेजारी बसवायच्या सीएसएसच्या पद्धतीत, लांब मजकुराचा रकाना आकसतच नाही आणि चित्राला बाहेर ढकलतो, त्याला ‘मिन-विड्थ : ०’.

हो, हो, थांबतो. फक्त जागेचा मालक कसा शोधायचा ते राहिलं, आणि तेच मुख्य होतं. सगळ्या घटकांना एक पिक्सेलची लाल आउटलाइन द्या. बॉर्डर देऊ नका, बॉर्डर स्वतःच जागा खाते आणि तपास बिघडवते. आउटलाइन जागा घेत नाही. पान लाल चौकटींनी भरलं की फट चौकटीच्या आत आहे का बाहेर ते दिसतं. आत असेल तर पॅडिंग किंवा उंची, बाहेर असेल तर मार्जिन. दोन चौकटींमध्ये ३० आणि २० मिळून ५० ऐवजी ३० च दिसत असेल तर घाबरू नका, वरखालच्या मार्जिन एकमेकींत मिसळतात, मोठी तेवढी उरते.

हे प्रत्यक्ष करून दाखवणार होतो. पतसंस्थेचं जुनं पान, आठ रिकाम्या ओळींसकट, या लॅपटॉपमध्ये ठेवलंय. चहाच्या वेळी ज्यांना बघायचं त्यांनी या टेबलाशी या. आणि येताना कोणीतरी चार्जर आणा, बॅटरी चार टक्के आहे.