१/१ ची फौज : कमी खर्चातला टोकन डेक

[पडद्यावर: रिकामं टेबल. एक कार्ड मांडलं जातं. त्याच्यापुढे काचेचे दोन मणी ठेवले जातात.]

निवेदन:

एक कार्ड खेळलं, दोन माना, म्हणजे कार्डं खेळायची ऊर्जा, खर्च झाले आणि टेबलावर दोन सैनिक उभे राहिले. हे सैनिक डेकमध्ये, म्हणजे आपल्या कार्डांच्या गड्डीत, नव्हते, हातातही नव्हते. नियमांच्या दृष्टीने ती कार्डंच नाहीत. त्यांना टोकन म्हणतात. 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळात खिशाला न जाळता जिंकणारा डेक बांधायचा असेल, तर टोकनांचा रस्ता मला सगळ्यात सरळ वाटतो.

रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९३ साली आणला. त्याच्या पहिल्याच संचात 'द हाइव्ह' नावाचं कार्ड होतं. ते खेळायला पाच माना. मग ते टॅप करून, म्हणजे वापरल्याची खूण म्हणून आडवं फिरवून, आणखी पाच माना दिले, की एक उडणारी गांधीलमाशी मिळायची, तीही १/१, म्हणजे एक ताकद आणि एक जीव असलेली. पहिल्या माशीसाठी एकूण दहा माना! आज इतक्या मानांत अख्खी फौज उभी राहते. पण एका कार्डातून अनेक प्राणी काढायचे, ही कल्पना तिथेच जन्मली.

[पडद्यावर: 'रेझ द अलार्म', 'स्पेक्ट्रल प्रोसेशन', 'बॅटल स्क्रीच' एकामागून एक.]

आता पैशांचं बोलू. ट्रेडिंग कार्डांच्या खेळात पैसा मुख्यतः दोन ठिकाणी जातो. एक, एकहाती सामना फिरवणारी रेअर, म्हणजे दुर्मीळ कार्डं. दोन, आणि हे नवख्याच्या लक्षात उशिरा येतं, दोन-तीन रंगांचे माना देणारी लँड कार्डं. कित्येक महागड्या डेकांचा मोठा खर्च या लँडवरच झालेला असतो. टोकन डेक एकाच रंगाचा ठेवला, तर हे दोन्ही खर्च टळतात. पांढऱ्या डेकला लागतात 'प्लेन्स' नावाची लँड, खेळातली सगळ्यात स्वस्त कार्डं. आणि फौज बनवणारी बरीचशी कार्डं कॉमन किंवा अनकॉमन, म्हणजे दुर्मीळ नसलेली, असतात.

म्हणून कमकुवत? मुळीच नाही. २०११ च्या 'इनिस्ट्राड' संचातलं 'इंटँजिबल व्हर्च्यू' आणि २०१२ च्या 'डार्क असेन्शन'मधलं 'लिंगरिंग सोल्स', ही दोन्ही अनकॉमन टोकन कार्डं त्या ब्लॉकपुरत्या, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या त्या संचांपुरत्या, स्पर्धांमध्ये इतकी वरचढ ठरली, की २०१२ मध्येच त्या प्रकारात दोघांवर बंदी घालावी लागली. बंदी आलेलं कार्ड दुबळं असतं, असं कोणी म्हणणार नाही.

तर डेक. साठ कार्डं. बूस्टर, म्हणजे आत काय निघेल ते ठाऊक नसलेली बंद पाकिटं, फोडत बसू नका, सुटी कार्डं घ्या. आपला डेक मित्रांमध्ये खेळण्यासाठी आहे, अमुक स्पर्धेच्या प्रकारात बसवण्यासाठी नाही. ज्यांना फक्त कॉमन कार्डांचाच खेळ हवा, त्यांच्यासाठी 'पॉपर' नावाचा वेगळा प्रकार आहे. तिथेही 'बॅटल स्क्रीच' चालतं, पण खालची काही कार्डं बदलावी लागतील.

[पडद्यावर: साठ कार्डं गटागटाने पसरलेली.]

बावीस 'प्लेन्स'. फौज बनवणारी चार कार्डं, प्रत्येकी चार प्रती. पहिलं 'रेझ द अलार्म': दोन माना, दोन सैनिक. ते इन्स्टंट आहे, म्हणजे समोरच्याच्या फेरीतही खेळता येतं. त्याने हल्ला जाहीर केला आणि रिकाम्या मैदानात अचानक दोन अडवणारे उभे राहिले, तर त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. 'गॅदर द टाउन्सफोक'ही दोन माना, दोन माणसं. पण आपलं आयुष्य पाच किंवा त्याहून कमी उरलं असेल, तर दोनाऐवजी पाच.

तिसरं 'स्पेक्ट्रल प्रोसेशन', २००८ च्या 'शॅडोमूर' संचातलं. त्याची किंमत जरा चमत्कारिक आहे. तीन चिन्हं असतात आणि प्रत्येकासाठी एक पांढरा माना किंवा कुठलेही दोन द्यायचे. एकरंगी डेकमध्ये तीन मानांत तीन उडणारी भुतं. एक जरी लँड दुसऱ्या रंगाचं निघालं, तर तेच कार्ड तीन लँडवर निघत नाही. एका रंगाला चिकटून राहिल्याचं बक्षीसच म्हणा ना.

आणि चौथं, माझं सगळ्यात आवडतं, 'बॅटल स्क्रीच'. चार माना, दोन उडणारे पक्षी. मग हेच कार्ड ग्रेव्हयार्डमधून, म्हणजे वापरलेल्या कार्डांच्या ढिगातून, फ्लॅशबॅकने पुन्हा खेळता येतं, आणि त्यासाठी एकही माना लागत नाही. आपले तीन पांढरे प्राणी टॅप करायचे, बस. नुकतेच आलेले प्राणी हल्ला करू शकत नाहीत हे खरं, पण या कामासाठी त्यांना टॅप करता येतं. म्हणजे मैदानात आधीचा एक सैनिक असेल, तर तो आणि हे दोन ताजे पक्षी मिळून आणखी दोन पक्षी आणतात. चार मानांत चार उडणारे. अट एकच, टॅप होणारे पांढरेच हवेत. लाल गॉब्लिन इथे कामाचे नाहीत.

फौजेला बळ देणारी कार्डं आठ. 'इंटँजिबल व्हर्च्यू' चार: दोन मानांत आपल्या प्रत्येक टोकन प्राण्याला +१/+१, शिवाय हल्ला करूनही ते टॅप होत नाहीत, म्हणजे बचावालाही मोकळे. 'ग्लोरियस अँथेम' चार: तीन माना, आपल्या सगळ्याच प्राण्यांना +१/+१. ते १९९८ चं, रेअर खरं, पण नंतर अनेक संचांत पुन्हा छापलं गेलं.

आठच का, चार का नाहीत? आधी खेळणाऱ्याने चौथ्या फेरीपर्यंत दहा कार्डं पाहिलेली असतात. डेकमध्ये अशी चार कार्डं असतील, तर त्या दहांत निदान एक सापडण्याची शक्यता सुमारे ५३ टक्के. आठ असतील तर सुमारे ७९ टक्के. सगळ्या फौजेला बळ देणाऱ्या अशा कार्डांना मी अँथेमच म्हणतो. अँथेमशिवाय हा डेक म्हणजे नुसती गर्दी, त्यामुळे इथे काटकसर नको.

उरलेली चौदा पटकन सांगतो. पहिल्या फेरीसाठी 'डूम्ड ट्रॅव्हलर' चार, तो मेला की त्याचं उडणारं भूत होतं. 'अटेंडेड नाइट' चार, स्वतःबरोबर एक सैनिक घेऊनच येतो. समोरचा एखादा मोठा प्राणी हटवायला 'जर्नी टू नोव्हेअर' चार. शेवटच्या घावासाठी 'गार्डियन्स प्लेज' दोन.

[पडद्यावर: दोन टेबलं शेजारी-शेजारी. डावीकडे अँथेम, उजवीकडे 'अनॉइंटेड प्रोसेशन'.]

आता त्या मोहाबद्दल, ज्यावर टोकन खेळणाऱ्यांचे सगळ्यात जास्त पैसे जातात. टोकनं दुप्पट करणारी कार्डं. २००५ चं 'डबलिंग सीझन', २०११ चं 'पॅरलल लाइव्ह्ज', २०१७ चं 'अनॉइंटेड प्रोसेशन'. दोनाचे चार, तीनाचे सहा. ऐकायला फार गोड लागतं.

हिशेब मांडून बघू. दोन्ही टेबलांवर दुसऱ्या फेरीत 'रेझ द अलार्म', तिसऱ्या फेरीत 'स्पेक्ट्रल प्रोसेशन'. समोरचा काहीच अडवत नाही असं धरू. तिसऱ्या फेरीत दोन सैनिकांचे दोन घाव. इथवर सारखंच. चौथ्या फेरीत डावीकडे 'इंटँजिबल व्हर्च्यू' आणि आणखी एक 'रेझ द अलार्म'. पाच हल्लेखोर, प्रत्येकी दोन, म्हणजे दहा. पाचव्या फेरीत सात हल्लेखोर, चौदा. दोन, दहा आणि चौदा मिळून सव्वीस; वीस आयुष्य असलेला प्रतिस्पर्धी पाचव्या फेरीत संपला, आणि आपण चारच कार्डं वापरली.

उजवीकडे चौथी फेरी 'अनॉइंटेड प्रोसेशन'वरच खर्च. हल्ला पाचाचा. पाचव्या फेरीत आणखी एक 'स्पेक्ट्रल प्रोसेशन' आणि एक 'रेझ द अलार्म', दुपटीने दहा नवी टोकनं. पण ती नवी, त्यामुळे हल्ला पुन्हा पाचाचाच. एकूण बारा. काम तमाम होणार सहाव्या फेरीत, तेही पाच कार्डं खर्चून आणि हवं ते सगळं हातात आलं तर. महाग कार्ड, आणि एक फेरी उशीर.

'कमांडर' या प्रकारात गोष्ट वेगळी. तिथे आयुष्य चाळीस, समोर बहुधा तिघे, सामना लांबतो. दुप्पट करणारी कार्डं तिथे शोभतात. साठ कार्डांच्या डेकसाठी मी ती फुकट मिळाली तरी घालणार नाही. बरं, फुकट मिळालीच तर बदल्यात देऊन टाकेन.

[पडद्यावर: हाताच्या एका फटक्यात सगळे मणी बाजूला सारले जातात.]

या डेकची खरी दुखरी नस ही. 'राथ ऑफ गॉड', चार माना, सगळे प्राणी नष्ट. पहिल्या संचापासून हे कार्ड टोकनवाल्यांच्या मागे लागलेलं आहे. उपाय पैशाचा नाही, हाताच्या सवयीचा आहे. दोन फेऱ्यांत सामना संपेल इतकी फौज मैदानात असेल, तर पुढचं कार्ड हातातच राहू द्या. अँथेम मात्र खुशाल खेळा. 'राथ' प्राण्यांना मारतं, एन्चॅन्टमेंटला, म्हणजे मैदानात टिकून राहणाऱ्या अशा जादूच्या कार्डांना, नाही. मैदान साफ झाल्यावर आलेला पहिला सैनिकही मग २/२ असतो.

लाल डेककडे 'इलेक्ट्रिकरी' असतं. ओव्हरलोड केलं, म्हणजे जास्त माना देऊन एकाऐवजी सगळ्यांवर मारलं, तर तीन मानांत आपल्या प्रत्येक प्राण्याला एक घाव. १/१ ची फौज तिथल्या तिथे आडवी, २/२ ची मात्र उभी. म्हणून कायमचं बळ आणि एका फेरीपुरतं बळ यांत मी कायमच्याला झुकतं माप देतो.

आणि निळ्याकडे 'एकोइंग ट्रूथ'. एका टोकनावर मारलं, की त्याच नावाची सगळी टोकनं हातात परत. टोकन हातात पोचलं की नाहीसं होतं, ते पुन्हा खेळता येत नाही. म्हणून फौज एकाच जातीची नको. सैनिक, माणसं, भुतं, पक्षी असे चार प्रकार आपल्याकडे आहेत ते याचसाठी.

टोकन मरतं, तेव्हा मात्र क्षणभर ग्रेव्हयार्डमध्ये जातं आणि मगच नाहीसं होतं. त्या क्षणाचा फायदा २००४ चं 'स्कलक्लॅम्प' उठवतं. एका मानात ते १/१ टोकनावर चढवलं, की टोकन २/० होऊन मरतं आणि आपल्याला दोन कार्डं. त्याच वर्षी 'स्टँडर्ड' प्रकारात त्यावर बंदी आली. मित्रांच्या टेबलावर चालत असेल तर मोह होईल, पण आपल्या डेकमध्ये ते अडखळतं: अँथेम असताना टोकन २/२ असतं, क्लॅम्प चढवल्यावर ३/१ होतं, आणि मरतच नाही.

[पडद्यावर: मणी, नाणी, फासे, हाताने काढलेली टोकन कार्डं.]

टोकन म्हणून टेबलावर काय ठेवायचं? छापील टोकन कार्डं पहिल्यांदा १९९८ च्या 'अनग्लूड' या विनोदी संचात आली आणि २००७ च्या दहाव्या आवृत्तीपासून ती बूस्टरमध्येही मिळू लागली. पुष्कळ जण ती बाजूला टाकून देतात. मागा, सहज मिळतील. नाहीतर मणी, नाणी, कापलेला पुठ्ठा, काहीही चालतं. टॅप झालेलं कोणतं आणि न झालेलं कोणतं, एवढं दोघांना स्पष्ट दिसलं पाहिजे. पाचावर ठेवलेला एकच फासा इथे फसवतो, कारण पाचातल्या तिघांनीच हल्ला केला हे त्यावर दाखवता येत नाही. दोन फासे ठेवा, एक टॅप झालेल्यांचा, एक उभ्यांचा. या फेरीत नव्याने आलेल्यांना थोडं मागे ठेवा, म्हणजे वाद होत नाहीत.

पुढे आणखी पैसे घालायचे झाले, तर पहिला विचार 'लिंगरिंग सोल्स'चा येईल. तीन मानांत दोन भुतं, आणि काळ्या मानाच्या फ्लॅशबॅकने आणखी दोन. पण काळा रंग आला की काळे माना देणारे 'स्वॉम्प' आले, आणि 'स्वॉम्प' आले की तिसऱ्या फेरीतलं 'स्पेक्ट्रल प्रोसेशन' अडकायला लागतं. दोन्ही सुरळीत चालवायची तर दोन रंगांची लँड कार्डं लागतील, म्हणजे जो खर्च टाळला तोच पुन्हा अंगावर. मी दोघांपैकी 'स्पेक्ट्रल प्रोसेशन' ठेवतो आणि बावीसच्या बावीस 'प्लेन्स' तशाच राहू देतो.