चिऱ्यातल्या मुंग्या

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'हाडाचा जंतुसंसर्ग : अँटिबायोटिक आणि प्रतिकारशक्ती यांची जोडी'. एवढ्या लांबलचक नावाला, भर पावसात, खुर्च्या भरल्या म्हणजे मागच्या भज्यांचा वास रस्त्यापर्यंत गेलेला दिसतो.

सुरुवात आमच्या आबांपासून करतो. आबा म्हणजे माझे थोरले काका. देवगडात हापूस उतरवताना फांदी मोडली, आबा खाली, आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. पण जखमेच्या जागी एक बारीक तोंड राहिलं आणि त्यातून पू येऊ लागला. सहा आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिलेल्या. तिसऱ्या आठवड्यात गणपती आले, तोवर ठणका थांबला होता. आबांनी गोळ्या सोडल्या. "आता दुखता खंय? मगे गोळये कित्याक खावचे?" काकू ओरडली, मीही ओरडलो. पण मी नुकताच एमबीबीएस झालेलो, म्हणजे घरात माझा उपयोग फक्त ब्लडप्रेशर मोजण्यापुरता.

पुढं अकरा वर्षं ते तोंड कधी मिटायचं, कधी वाहायचं. आबांनी त्यावर एरंडाचं पान लावलं, हळद लावली, कुणी दिलेली राखही लावली. एका पहाटे फडक्यावर पुवाबरोबर एक पिवळट, खडबडीत तुकडा आला, तुरीच्या डाळीएवढा. हाडच ते, मेलेलं. आबांनी धुऊन काड्यापेटीत ठेवलं, आणि पाहुणा आला की चहाच्या आधी दाखवायचे. काकूनं त्या काळात बिस्किटं आणणंच बंद केलं होतं. कोण खाणार?

त्या तुकड्यात सगळं दुखणं आहे. मेलेल्या हाडात रक्त नाही, म्हणजे औषधही पोचत नाही. म्हणून ते खरवडून काढावंच लागतं. जंतू त्यावर विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतात. यातला मुख्य गडी स्टॅफिलोकोकस ऑरियस. आणि हा आणखी एक उद्योग करतो. आपला जांभ्याचा चिरा डोळ्यांसमोर आणा, भोकंच भोकं. हाडातही अशा नळ्या असतात, पण अर्ध्या मायक्रॉनहून अरुंद. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जंतू साधारण एक मायक्रॉनचा, आणि त्याला पाय नाहीत. तरी एकाचे दोन, दोनाचे चार होत, पुढच्याला रेटत, अंग चेपून आत घुसतो. २०१७ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या संशोधकांनी उंदरांच्या हाडांत हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. आपली पांढरी पेशी त्याच्या दहापट मोठी. म्हणजे कोंबडी चिऱ्यावर चोच आपटतेय आणि मुंग्या आत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता सुरू करतो.

वर्षानुवर्षं झुंजून प्रतिकारशक्तीच थकते. टी-पेशी म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, तो जुनाट संसर्गात दाबलेलाच राहतो. हा ब्रेक सोडवणारी औषधं कॅन्सरमध्ये वापरतात. त्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. उंदरांच्या हाडसंसर्गात हीच युक्ती अँटिबायोटिकच्या जोडीनं करून पाहिली, आणि एकट्या औषधापेक्षा जोडीचा गुण जास्त आला. दुसरी वाट अशी की, जंतूला एकाचे दोन होताना लागणाऱ्या एन्झाइमवर बाहेरून अँटिबॉडी, म्हणजे त्याला चिकटून अडवणारं प्रथिन, द्यायची. मी मघाशी रेटारेटी सांगितली, ती तिथंच अडते. रॉचेस्टरकरांचा भर यावर आहे.

पण उतावीळपणा नको. ब्रेक सुटला की शरीर स्वतःच्याच आतड्यावर, थायरॉइडवर उलटू शकतं. याच जंतूवरच्या व्ही-७१० लशीची चाचणी २०११ मध्ये थांबवावी लागली. लस घेऊनही ज्यांना हा संसर्ग झाला, त्यांच्यात मृत्यू जास्त निघाले, लस न घेता संसर्ग झालेल्यांपेक्षा. तेव्हा रोग्याच्या खाटेपाशी आजही खरवडणं आणि पूर्ण मुदतीच्या गोळ्या, हेच.

प्रश्न चहानंतर घेऊ. आबांची काड्यापेटी मी आणलीय, टेबलावर आहे. ज्यांना पाहायची त्यांनी भजी खाऊन झाल्यावर पाहा.